उखर्डूचा निजलेला हात

त्या साली आषाढ अर्धा सरला तरी पावसाचा पत्ता नव्हता. ढग यायचे, सातपुड्यावर टेकायचे, आणि घोटभर पाणीही न घेता उठणाऱ्या पाव्हण्यासारखे निघून जायचे. फैजपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. इथं केळी लावणारा माणूस आभाळापेक्षा विहिरीकडं जास्त बघतो, कारण केळीला पाण्याची एक पाळी चुकलेली खपत नाही. देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती, पण पाणी उपसायची इंजिनं गावात दोघाचौघांकडंच होती. चुडामण नानांच्या मळ्यात अजून मोटच चालायची. पहाटे जुंपलेली मोट उन्हं चढल्यावर सुटायची आणि दुपार कलली की पुन्हा जुंपायची.

मोट हाकायचा नानांचा एकुलता एक मुलगा, उखर्डू. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हा जन्मला तेव्हा त्याच्या आईनं, भिकुबाईनं, त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला आणि शेजारणीला पसाभर ज्वारी देऊन परत विकत घेतला. दैवाला वाटावं की हे टाकून दिलेलं पोर, याच्याकडं काय बघायचं! पोर मात्र चांगलं खांबासारखं वाढलं. एकच उणं, बोलायला फार कमी. दहा वाक्यं विचारावीत तेव्हा एक हुंकार मिळायचा.

त्याची बायको वच्छला शिंदखेड्याकडची. इतक्या लांबची सून आमच्याकडं नवलाईचीच, पण नानांचे मामा तिकडं राहायचे आणि त्यांनी जुळवून दिलं. तिच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी तिकडचं 'शे' यायचं. पोरं तिच्या मागं 'काय शे, काय शे' करत फिरायची आणि ती त्यांना गूळ देऊन पळवायची. गोड बाई होती. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, तेवढाच त्या घराला घोर.

त्यावर भिकुबाईनं उपाय काढला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वच्छला माहेरी जाऊन आली, तशी भिकुबाईनं देव्हाऱ्यातल्या कानबाईच्या, आमच्या खानदेशच्या देवीच्या, नारळाला हात लावला आणि बोलली, की श्रावणात तू घरात बसेपर्यंत पोरगा मळ्यात निजेल, सून माझ्याशेजारी निजेल, एकमेकांचा पदरसुद्धा लागणार नाही; तू फक्त ओटी भर. म्हणजे लेकरू व्हावं म्हणून नवरा-बायकोला वेगळं करायचं! गावातल्या बायका पदराआड हसल्या. शेजारची सुंदरबाई तर म्हणाली, की कानबाईला लेकरं आभाळातून टाकता येत असतील तर बरंच आहे, आपल्याला त्रास कमी. पण नवस तो नवस. उखर्डूनं गोधडी उचलली आणि मळ्यातल्या खोपीत नेऊन टाकली.

अशात एक दिवस भिकुबाईच्या पायात काटा मोडला. एरवी मळ्यात भाकरी तीच न्यायची. नाना केळी भरायच्या रेल्वेच्या वाघिणीचं विचारायला सावद्याच्या स्टेशनात गेले होते. भाकरी नेणार कोण? भिकुबाईनं पुष्कळ वेळ सुनेकडं बघितलं आणि म्हणाली, धुऱ्यावर, बांधावरच ठेव आणि परत ये. वच्छला हो म्हणाली. ती तेव्हा खरंच तेवढंच ठरवून निघाली होती, असं पुढं म्हातारपणी ती स्वतःच आम्हाला सांगायची आणि हसायची.

केळीच्या बागेतली दुपार बाहेरच्यासारखी नसते. बाहेर ढेकूळ तापून फुटत असतं आणि आत सगळं हिरवं, ओलं, मंद. ऊन पानांतून गाळून येतं आणि माणसाचा चेहरासुद्धा हिरवा दिसतो. पाटातलं पाणी थांबलेलं असतं तरी मातीत जिरताना त्याचा बारीक आवाज येत राहतो. एखादं वाळकं पान खोडावर घासतं, पुन्हा शांत. आत शिरलेल्याला वाटतं, आपण कुठल्या गावचे, कोणाचे कोण, हे सगळं धुऱ्यापलीकडं राहिलं.

वच्छला धुऱ्यावर थांबली नाही. उखर्डू पहाटेपासून मोट हाकून गळून गेला होता. त्यानं कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, गटागटा पाणी प्यायला आणि वाळक्या पानांवर आडवा झाला. ती उठली, पुन्हा बसली. मग तीही कलंडली आणि तिचं डोकं त्याच्या उजव्या दंडावर आलं. एवढंच झालं. दोघं बोललीही नाहीत. घरात तिला अशी झोप कधी मिळाली नव्हती. सासूच्या शेजारी कूस बदलायची तर आधी बांगड्या मुठीत धरायच्या आणि मग वळायचं. इथं बांगड्या सैल पडल्या आणि तिचा डोळा लागला तो लागलाच.

उखर्डूच्या हाताला मुंग्या आल्या. हात काढून घ्यावा असं त्याला वाटलं. पण तिचा श्वास त्याच्या दंडावर लागत होता, कपाळावरची आठी गेली होती, आणि तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा असा निवांत बघत होता. त्याला वाटलं, हात काय, आपलाच आहे, जातो कुठं. आणि तसाच बघता बघता तोही झोपला.

जाग आली तेव्हा ऊन तिरपं होऊन खोडांच्या बुंध्याशी आलं होतं. वच्छला दचकून उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि दुसऱ्या वाटेनं घराकडं पळाली. उखर्डू बैल जुंपायला गेला. त्यानं उजव्या हातानं जू धरलं आणि जू खाली पडलं. त्यानं हात वर उचलला. दंड उचलला, कोपर वाकलं, पण मनगटापासून पंजा खाली लोंबत राहिला. बोटं मिटत होती, उघडत नव्हती. हात अजून निजलेलाच आहे, असं त्याला वाटलं. त्यानं तो मोट रिकामी होते त्या थारोळ्यातल्या गार पाण्यात बुडवून ठेवला, मांडीवर चोळला. संध्याकाळ झाली, हात उठला नाही. सकाळ झाली तरीही नाही.

मग घरात गलका झाला. लकवा मारला, असंच सगळे म्हणाले. भिकुबाईनं लसूण जाळून तेल केलं आणि रडत रडत चोळलं. आल्यागेल्यानं दंड दाबून बघितला, एकानं बोटं ओढून बघितली, एकानं विचारलं, की आता कासरा तोंडात धरणार का. उखर्डूला धोतराचा काष्टा घालता येईना. बापाला घालून द्यावा लागे, आणि तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून उभा राही. पाण्याचा तांब्या धरला की मनगट दुमडे आणि पाणी छातीवर सांडे. डाव्या हातानं जेवायची त्याला लाज वाटे, म्हणून तो सगळ्यांचं झाल्यावर चुलीमागं बसून जेवू लागला.

पाणी मात्र थांबून चालणार नव्हतं. नाना ह्या वयात पुन्हा मोटेवर बसले. धावेचा उतार उतरताना त्यांना धाप लागे, ते मोटेच्या नाड्यावर, दोरावर, बसल्याबसल्या खोकत. वच्छला गुडघाभर चिखलात उभी राहून फावड्यानं दारं धरी, पाणी वळवी. उखर्डू विहिरीच्या काठावर बसून तो हात मांडीवर घेऊन बघत राही, दुसऱ्याचं पोर सांभाळायला दिल्यासारखा. त्याच्या मनात एकच होतं. नवस मोडला आणि कानबाईनं हात नेला. वच्छलाच्याही मनात तेच होतं, पण दोघं एकमेकांना बोलली नव्हती.

फैजपुरात तोताराम डॉक्टरचा दवाखाना होता. आमच्याच बाजूचा पोरगा, पुण्याला शिकून आलेला. तो नाडी बघून बाटली देत नाही, नुसतं विचारत बसतो, अशी लोकांची तक्रार होती. नानांनी गाडी जुंपली. भिकुबाईचा पाय सुजलेला, म्हणून उखर्डूला धरायला वच्छला मागं बसली. नवसाचे दिवस असल्यामुळं दोघांच्या मध्ये कडब्याची पेंढी ठेवली होती.

डॉक्टरनं उखर्डूला आधी दात दाखवायला लावलं. मग गाल फुगव म्हणाला, डोळे घट्ट मीट म्हणाला, टाचांवर चाल म्हणाला. नानांना वाटलं, दुखणं हाताचं आणि हा चालायला लावतो. पण डॉक्टर नीट बघत होता. तोंड सरळ होतं, पाय सरळ पडत होता. मग त्यानं कोपर ताठ करायला लावलं आणि स्वतः जोरानं वाकवायला बघितलं. कोपर हललं नाही. लोंबणारं मनगट त्यानं आपल्या तळव्यावर आडवं ठेवलं आणि मूठ आवळ म्हणाला, तर मूठ चांगली आवळली गेली. शेवटी टाचणी घेऊन तो हळूहळू टोचत गेला. अंगठ्याच्या मागच्या बेचक्यात टोचलेलं उखर्डूला कळलं नाही.

वच्छला बाहेर ओट्यावर दाराशी बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

डॉक्टर म्हणाला, की हा डोक्यातला लकवा नाही. दंडाच्या मधोमध हाडाला वळसा घालून एक नस जाते, तीच फक्त निजली आहे. ती एखाद्या गोष्टीखाली पुष्कळ वेळ दाबली गेली तर असं होतं. त्यानं विचारलं, की दारू पिऊन कुठं खाटेच्या माच्यावर हात टाकून झोपला होतास का? नानांचा चेहरा तांबडा झाला. आमच्या घरात दारूचा थेंब आलेला नाही, असं ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की ओट्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"बरं, दारू नाही," डॉक्टर म्हणाला. "पण हात कशाखाली दबला होता का? नीट आठव. यावरच सगळं आहे."

उखर्डूनं दाराकडं बघितलं. मग बापाकडं. मग खाली मान घालून म्हणाला, "नही."

 मग डॉक्टरनं उखर्डूचं कोपर वाकवून मागच्या खोबणीत बोट फिरवून बघितलं. कानाच्या पाळ्या चाचपल्या. सदरा काढून पाठीवर कुठं फिकट डाग आहे का ते उजेडात धरून बघितलं. आणि म्हणाला, की दबली असेल तर नस आपोआप उठेल. दबली नसेल तर मला दुसऱ्या आजाराचा शोध घ्यावा लागेल, जळगावला मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. तोवर हाताला काही गरम शेकू नका. याला चटका बसलेला कळणार नाही.

नानांनी तो दुसरा आजार, महारोग, ओळखला होता. त्यांचा चुलतभाऊ जीवराम, त्याचंही कोपर असंच एका डॉक्टरनं चाचपलं होतं. पुढं जीवराम गावाबाहेर खोपीत राहिला आणि त्याची भाकरी धुऱ्यावर ठेवून लोक मागं न बघता परत यायचे. नानांनी मुलाला सदरा घालून दिला आणि त्याला घेऊन बाहेर पडले.  अर्ध्या वाटेत ते बैलांकडं बघतच म्हणाले, "सुकदेवले निरोप देतो. एक डाग देल्ला का लकव्याचं वारं निंघून जाईन. अन् डॉक्टर काय बोलला, ते घरात कोनी काढायचं नही."

सुकदेव तापीपलीकडचा. माणसांना आणि जनावरांना डाग द्यायचा. वाईट माणूस नव्हता. डाग दिल्यावर स्वतःच्या हातानं तूप लावायचा आणि पोरांना बत्तासा द्यायचा. सळई लाल करून दंडाला आणि मनगटाला लावायची, एवढंच त्याचं शास्त्र.

दुसऱ्या दिवशी नाना बैलांना पाणी दाखवायला गेले, तेव्हा वच्छला पाटातून चिखलाच्या पायांनी विहिरीपाशी आली. आखाजीपासून ती नवऱ्याशी अशी समोर उभी राहून बोलली नव्हती.

"डॉक्टरनं इचारं ते सांगी द्या ना," ती म्हणाली.

"कसं सांगू? नाना बसले व्हते. अन् मायले समजलं तं ती तुले घरात ठेवीन का?" उखर्डू हाताकडं बघत म्हणाला. "कानबाईनं हात घेतला. तुह्यावर काही आलं नही, हेच खूप झालं. डाग बसला का फिटलं सारं."

एवढं लांब तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असेल. वच्छलाला तिथंच रडू फुटलं. हा माणूस बायकोला वाचवायला हात जाळून घ्यायला निघाला होता, आणि तेही आनंदानं. तिला त्याची माया आली आणि रागही आला. पण सासऱ्यापुढं सून बोलत नाही. काही सांगायचं तर सासूकरवी, नाहीतर दाराआडून भांडं वाजवून. आणि सांगायचं काय, तर आम्ही झोपलो होतो!

सुकदेव आला तो सकाळचा. अंगणात गोवऱ्यांची आगटी पेटवली. सळई निखाऱ्यात खुपसली. उखर्डूला पाटावर बसवलं, दोघांनी खांदे धरले. तो हलणार नव्हता, त्याला धरायची गरजच नव्हती. त्यानं डोळे मिटले होते आणि चेहरा असा, की जणू कुठंतरी लांब गार जागी जाऊन बसला आहे. भिकुबाई देव्हाऱ्याशी हात जोडून पुटपुटत होती. कुंपणापलीकडं सुंदरबाई आणि चारदोन बायका उभ्या होत्या. सळई आधी काळी, मग जांभळी, मग लाल झाली.

वच्छला स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. ती आगटी आणि नवरा यांच्यामध्ये येऊन उभी राहिली. सुकदेवला वाटलं पाणी द्यायला आली आहे. तिनं मान वर केली नाही, पण बोलली ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"नाना, डाग नका देऊ. हाई लकवा नही शे, अन् देवबी नही शे. त्यास्ना हातवर मन्हं डोकं व्हतं. दुपारभर. मी झोपेल व्हतू, अन् त्यासनी हात काढा नही."

 कुंपणापलीकडच्या बायका पुढं सरकल्या. भिकुबाईचं पुटपुटणं थांबलं. ती हळूहळू दारात आली आणि तिनं विचारलं, कुठं? वच्छला म्हणाली, मळ्यात. भिकुबाईनं विचारलं, नवसाच्या दिवसांत? वच्छला म्हणाली, हो, पण नुसतं झोपेल व्हतूत. आणि मग तिचा सगळा धीर संपला, ती तिथंच मातीत बसली आणि तोंड झाकून घेतलं.

नानांनी मुलाकडं बघितलं. "खरं हाये?"

उखर्डूनं मान हलवली.

"तं मंग डॉक्टरपुढं मुका काब्रं बसला व्हता?"

"तुम्ही बसले व्हते तठी," उखर्डू म्हणाला.

नाना बराच वेळ आगटीकडं बघत राहिले. ते रागावले होते, लाजले होते, पण त्याहून मोठं असं काहीतरी त्यांच्या छातीवरून उतरत होतं. इतके दिवस रोज डोळे मिटले की त्यांना गावाबाहेरची खोपी दिसत होती. त्यांनी सुकदेवला सांगितलं, की आज काम नाही, चहा घे आणि बैस. सुकदेवनं सळई पाण्यात घातली, ती चर्रर्र वाजली, आणि त्यानं बत्ताशाची पुडी निमूटपणे पुन्हा खिशात टाकली. नाना बैल जुंपायला उठले. जाताजाता सुनेकडं न बघता म्हणाले, "तूबी चाल. तुलेच सांगा लागीन."

या वेळी गाडीत कडब्याची पेंढी ठेवायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

दवाखान्याशी पोचल्यावर नाना आत गेले नाहीत. बैलांच्या पायात काहीतरी रुतलंय असं म्हणून ते लिंबाखाली बैलांचे खूर बघत बसले. आत वच्छलानं भिंतीकडं तोंड करून सांगितलं. डॉक्टर हसला नाही. त्यानं तिला विचारलं, डोकं दंडाच्या कुठल्या भागावर होतं, आणि तिनं बोट लावून दाखवलं. ती जागा बरोबर होती. डॉक्टरनं सुटकेचा श्वास टाकला आणि म्हणाला, "चूक माझी आहे. विचारायचं ते विचारलं, पण वडिलांना बाहेर बसवून विचारायला हवं होतं."

त्यानं बांबूची पट्टी तासून, कापूस गुंडाळून मनगटाखाली बांधून दिली, म्हणजे पंजा लोंबणार नाही. दुसऱ्या हातानं बोटं रोज सरळ करायची, आखडू द्यायची नाहीत. उखर्डूनं औषध मागितलं. डॉक्टर म्हणाला, वाट बघणं हेच औषध, दिवाळीच्या आत उठेल. उखर्डूनं विचारलं, की नाही उठला तर? डॉक्टरनं खोटं सांगितलं नाही. म्हणाला, तर मग मी तुझ्याबरोबर जळगावला येईन.

औषधाशिवाय वाट बघणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं बघितली त्यालाच ठाऊक. गावभर तर बोभाटा झाला होता. पोरं आता वच्छलाला 'काय शे' म्हणत नव्हती, उखर्डूला बघून डोकं हातावर टेकवून घोरून दाखवत होती. पाणवठ्यावर सुंदरबाई एकदा म्हणाली, आमच्या मालकाचा हात माझ्यामुळं कधी पडला नाही, नशीब लागतं. आणि मग तिचेच डोळे भरून आले, कारण तिच्या नवऱ्यानं तिच्यासाठी कधी काही केलं नव्हतं.

भिकुबाई सुनेशी बोलत नव्हती. पीठ, मीठ, पाणी, जे हवं ते भिंतीला सांगायची. नागपंचमीच्या सुमाराला पाऊस लागला, मोटेला विसावा मिळाला, आणि पुढच्या रविवारी कानबाई आली. भिकुबाईनं केळीचे खांब लावले, नारळाला डोळे लावले, नथ घातली, रोट केले. बायका फुगड्या घालून दमल्या आणि घरोघर गेल्या, तेव्हा ती एकटी देवीपुढं बसून भांडत होती. सगळ्या घराला ऐकू जात होतं. ती म्हणाली, बाई, मी शब्द दिला आणि माझ्या माणसांनी मोडला, कबूल. पण पोर नुसतं झोपलं होतं गं. झोपेची शिक्षा कोण करतं? आणि सकाळी नदीवर देवीला निरोप देऊन आल्यावर तिनं नवा नवस सांगितला: हात उठेपर्यंत उखर्डू मळ्यातच निजेल. भिकुबाई मोठी हट्टी. कोणी वाद घातला नाही.

तो मळ्यात निजायचा. पावसात केळीची पानं वाजत राहायची आणि त्याला स्वप्न पडायचं, की हात उठला आहे आणि आपण पान बाजूला सारून कोणाला तरी वाट करून देत आहोत. स्वप्नात हात इतका हलका असायचा की जागं झाल्यावर तो कितीतरी वेळ बघायचाच नाही. बघितल्याशिवाय खोटं ठरत नाही, म्हणून. मग उजाडायचं, तो घरी यायचा, भिकुबाई पट्टी सोडून थंड तेल लावायची आणि म्हणायची, उचल. तो डोळे मिटून जोर लावायचा. खांदा वर जायचा, मान ताठ व्हायची, पंजा तसाच. नाना दाराआडून बघायचे आणि मळ्याकडं निघायचे. त्यांच्या चालण्यावरून कळायचं, की जीवरामची खोपी अजून त्यांच्या डोळ्यांपुढून गेलेली नाही. वच्छला चुलीपाशी बसून भाकरी थापायचं थांबवायची आणि ऐकायची. मग पुन्हा थापण्याचा आवाज यायचा.

श्रावण गेला. गणपती गेले. पितरपाटा, म्हणजे पितृपक्ष, आला. एका सकाळी भिकुबाई म्हणाली, उचल, आणि उखर्डूनं उचलला, आणि मनगट थरथरलं. बोटभर वर आलं. लगेच पडलं. भिकुबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, हाताकडं बघितलं. म्हणाली, पुन्हा उचल. पुन्हा आलं. बोटं अजून वाकलेलीच होती, पण पंजा आपल्या बळावर आडवा झाला होता आणि थरथरत का होईना, तसा राहिला होता.

"वच्छला," भिकुबाईनं हाक मारली. किती दिवसांनी तिच्या तोंडून ते नाव निघालं! "आठी ये. पाह्य."

वच्छला पिठाच्या हातांनी धावत आली. तिनं वाकून बघितलं. नाना मळ्याच्या वाटेला लागले होते, ते परत फिरले. ओसरीवर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. रडतो आहोत हे लपवायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

त्या दिवशी भिकुबाई कामाला गेली नाही. मळ्याच्या कडेनं आखाजीलाच पाटाच्या पाण्यावर लावलेल्या कपाशीची पहिली बोंडं तिनं वेचून आणली. दुपारभर अंगणात बसून सरकी काढली. कापूस बोटांनी पिंजला. आपलं जुनं लुगडं फाडून शिवत बसली. सुंदरबाई कुंपणावरून दोनदा विचारून गेली, काय शिवता म्हणून. भिकुबाई टाके घालत राहिली. दिवेलागणीच्या आधी उखर्डू मळ्यात निजायला निघाला, तेव्हा भिकुबाईनं त्याला सांगितलं की तिकडं निजायला नको, गोधडी घरात आण. आणि ती सुनेपाशी आली, हातातलं तिच्या मांडीवर ठेवलं.

"घे. डोकं याच्यावर ठेवजो."

ती उशी होती. दोन डोकी आरामात मावतील एवढी लांब शिवली होती.